एसक्यूएल सर्व्हरला क्लायंट जोडले जात नाहीयेत, पोर्ट फिक्स करू का? सल्ला हवाय

मंडळी, दोन दिवस डोकं फुटायची वेळ आलीय. एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची मोफत आवृत्ती) आहे, नेम्ड इन्स्टन्स, म्हणजे वेगळं नाव देऊन बसवलेला. परवा सर्व्हर रीस्टार्ट केला आणि तेव्हापासून बाकीच्या पीसींवरून कनेक्ट केलं की एरर २६, म्हणजे सर्व्हर किंवा इन्स्टन्स सापडत नाही. सर्व्हरवर बसून लॉगिन केलं तर मात्र झटक्यात होतंय. फायरवॉलमध्ये १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं नेटवर्कचं दार) उघडलाय, पिंग जातंय. नेम्ड पाइप्स (जोडणीचा दुसरा मार्ग) चालू करून बघू का?

प्रतिसाद १
नेम्ड पाइप्सला हात नका लावू, नेटवर्कवरून ते ४४५ पोर्टने जातं, म्हणजे फायरवॉलची अजून एक भानगड मागे लागेल. आणि सर्व्हरवरून लॉगिन होतंय यावर जाऊ नका, तिथल्या तिथे ते शेअर्ड मेमरीने जोडतं, टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरच्या जोडणीचा, संबंधच येत नाही. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी/आयपी एनेबल्ड आहे का बघा, एक्सप्रेसमध्ये ते मुळात बंद असतं. बदललंत तर सर्व्हिस रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होणार नाही.

धागाकर्ता
टीसीपी/आयपी चालूच आहे हो, रीस्टार्टही करून झाला. तरी तेच.

प्रतिसाद २
मग १४३३ उघडून काय उपयोग? नेम्ड इन्स्टन्स डीफॉल्टला डायनॅमिक पोर्ट (सुरू होताना मिळेल तो) घेतो, बहुतेक वेळा आधीचाच परत मिळतो पण तो दुसऱ्या कुणी घेतलेला असला की नवीन नंबर. नक्की कुठला ते क्लायंटला एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस सांगते, यूडीपी १४३४ वर. एरर २६ म्हणजे क्लायंट तिथपर्यंतच पोचत नाहीये, ब्राउझर बंद असेल नाहीतर १४३४ अडवलेला असेल. आधी सर्व्हरचा एररलॉग उघडा, त्यात 'सर्व्हर इज लिसनिंग ऑन' अशी ओळ असते, तिच्यात कंसात शेवटी जो नंबर असतो तोच खरा पोर्ट. क्लायंटला हात लावायच्या आधी हा नंबर हातात पाहिजे, नाहीतर नुसतं अंधारात चाचपडणं.

माझं मत विचाराल तर फिक्सच करा. टीसीपी/आयपीच्या प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात खाली आयपीऑल हा भाग आहे, तिथे टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स रिकामं करा (शून्यसुद्धा ठेवू नका, शून्य म्हणजे डायनॅमिकच) आणि टीसीपी पोर्टमध्ये १४३३ टाका. त्याच मशीनवर डीफॉल्ट इन्स्टन्स असेल तर दुसरा नंबर घ्या. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (ॲपमधली सर्व्हरच्या पत्त्याची ओळ) सर्व्हरचं नाव, स्वल्पविराम आणि मग पोर्ट. कोलन चालत नाही, इथे भलेभले फसतात.

धागाकर्ता
लॉगमध्ये ५१३४४ निघाला!! आणि मी १४३३ धरून बसलो होतो. फिक्स केला, रीस्टार्ट केला, सगळे पीसी लागले. पण एका पीसीवरचं जुनं ३२ बिटचं ॲप अजून अडलंय, आता 'ॲक्टिव्हली रिफ्युज्ड' म्हणतंय, आणि त्याच पीसीवर ६४ बिटचं रिपोर्ट टूल मस्त चालतंय.

प्रतिसाद ३
एकाच पीसीवर एक चालतं, दुसरं नाही, म्हणजे एलियस (क्लायंट पीसीवर एखाद्या नावासाठी नेमून ठेवलेला सर्व्हर आणि पोर्ट) बघा. ३२ बिट आणि ६४ बिटचे एलियस वेगवेगळे साठवले जातात. विंडोजच्या सिसवाऊ६४ फोल्डरमधलं क्लिकॉन्फग (एलियस दाखवणारं टूल) चालवा. नावात ६४ असलं तरी ३२ बिटवालं तेच आहे, सिस्टम३२ मधलं ६४ बिटचं. एलियसमध्ये जुना पोर्ट कोरून ठेवलेला असला तर ॲप त्याच बंद दारावर धडका मारत बसतं.

धागाकर्ता
सापडला! सर्व्हरच्याच नावाचा एलियस होता आणि त्यात जुना पोर्ट, कुणी कधी टाकला देव जाणे. १४३३ केला, ॲप लगेच उघडलं. सिस.डीएम_एक्झेक_कनेक्शन्समध्ये (सर्व्हरवरची चालू कनेक्शन्सची यादी) पण बघितलं, नेट_ट्रान्सपोर्टच्या कॉलमात त्या पीसीसमोर टीसीपी दिसतंय. तिघांचे मनापासून आभार. आता बाकीच्या पीसींवरचे एलियसही तपासतोय.

प्रतिसाद २
छान झालं. एक लक्षात ठेवा, पुढे ओडीबीसी ड्रायव्हर १८ (ॲपला डेटाबेसशी जोडणारा) टाकलात तर तो एन्क्रिप्शन आपोआप मागतो आणि सर्टिफिकेट ट्रस्टेड नाही म्हणून अडतो. तेव्हा पोर्टकडे परत वळू नका, सर्व्हरवर नीट सर्टिफिकेट बसवा.