इंग्लंडमध्ये शेजाऱ्यांना नाताळची बेबिंका द्यायची आहे, मार्गदर्शन हवे

प्रश्न: सासष्टीकर

नमस्कार. मी मूळचा मडगावचा असून सध्या कुटुंबासह स्विंडनमध्ये राहतो. येथे गोवेकरांची वस्ती मोठी असल्यामुळे नाताळचे पदार्थ आपसांत सहज मिळतात, परंतु आमच्या रस्त्यावरील इंग्रज, पोलिश आणि गुजराती शेजाऱ्यांपर्यंत ते पोहोचत नाहीत. गावी नाताळात आमच्या घरचे ताट हिंदू शेजाऱ्यांकडे जाते आणि चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्या (करंज्या) येतात. ही देवाणघेवाण माझ्या मुलांनी इथेही पाहावी, अशी मनापासून इच्छा आहे. बेबिंका, म्हणजे आमचा थराथरांचा गोड पदार्थ, विजेच्या ओव्हनमध्ये नीट होते का, की गोव्याहून येणाऱ्या नातेवाइकांना आणायला सांगावी? अंडी न खाणाऱ्यांना काय द्यावे?

उत्तर: बार्देशची सून

आपण घरीच करावी, असे आग्रहाने सांगते, कारण मुलांच्या लक्षात ती थर चढतानाच राहील. बेबिंकेचे सारे मर्म वरून मिळणाऱ्या आचेत आहे. पूर्वी मातीच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे पसरत असत. तेच काम ओव्हनचा ग्रिल उत्तम करतो. 10 अंड्यांचे पिवळे बलक, 300 ग्रॅम साखर, 400 मिलिलिटर जाड नारळरस, 120 ग्रॅम मैदा आणि किसलेले जायफळ एवढेच साहित्य लागते. डब्यातला नारळरस चालतो, मात्र त्यात पाणी घालू नये. पहिला थर नेहमीप्रमाणे भाजावा आणि दुसऱ्यापासून केवळ वरची आच ठेवावी. प्रत्येक थर तांबूस झाल्यावर त्यावर चमचाभर तूप सोडून मगच पुढचा डाव ओतावा. थर फिकट असताना घाई केली, तर कापताना ते वेगळे दिसत नाहीत. परंपरेने किमान 7 थर करतात. या कामाला अख्खी दुपार जाते, तेव्हा ते नाताळच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. रात्रभर थंड होऊ द्यावी आणि पातळ कापावी. ती इतकी तुपाळ असते की नवख्या माणसाला बोटभर जाडीचा तुकडा जड जातो.

उत्तर: फोंड्याचा प्रवासी

वरील पाककृतीशी सहमत आहे, तरी वेळ नसल्यास गोव्याहून आणण्यात कमीपणा मानू नये. तूप व साखरेमुळे ती बरेच दिवस टिकते आणि प्रवासात मोडत नाही. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकेला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरचे तूप मात्र सोबत मागवू नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. बेबिंका आणण्यापूर्वीही त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत. शेजाऱ्यांना देताना अंडी, मैदा, तूप आणि नारळ असल्याची चिठ्ठी डब्यावर अवश्य लावावी. इंग्रजी नाताळ केकमध्ये बहुधा ब्रँडी असते, बेबिंकेत मद्य नसते. हेही लिहिल्यास मद्य वर्ज्य असलेल्या घरांत ती निःशंकपणे खाल्ली जाईल.

उत्तर: दिवाडीची लेक

बिनअंड्याची बेबिंका करण्याच्या फंदात आपण पडू नये, असे मला ठामपणे वाटते. बलकांवाचून तिचा पोत येत नाही, आणि आपल्या ताटात अंड्याविना होणारे पदार्थ आधीच आहेत. गुजराती शेजाऱ्यांना दोदोल द्यावा: तांदळाचे पीठ, नारळरस आणि माडाचा काळा गूळ आटवून तो करतात, त्यामुळे अंडी, दूध आणि गहू या तिन्हींचा प्रश्न सुटतो. सोबत चण्याची डाळ व नारळाचा दोस, म्हणजे गोड वड्या, ठेवता येईल. आणि 25 तारखेआधीच सारे वाटून झाले पाहिजे, असे मुळीच नाही. इंग्रज शेजारी सुट्टीत गावी गेले असतील, तर 6 जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ताट पाठवावे. आपल्याकडेही तोवर नाताळ चालूच असतो.

सासष्टीकर

आपणा सर्वांचे आभार. बेबिंका घरी करतो आणि माडाचा गूळ तेवढा बहिणीकडून मागवतो.