मदत हवी आहे: आईला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचंय, ती तयार नाही

आई ५८ वर्षांची. सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी राहतो. बाबा जाऊन वर्ष होत आलं. सुरुवातीचं रडणं समजण्यासारखं होतं, पण दिवाळीपासून ती पहाटे तीनलाच उठून बसते, जेवण दोन घासांवर आलंय, भिशीच्या बायकांचे फोन उचलत नाही. परवा मेथी निवडायला बसली आणि जुडी तशीच मांडीवर, तासभर.

जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे मी तिला सरळ विचारलंय, नाही म्हणाली. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलं, सगळं ठीक. बीपीची गोळी चालू आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मीच मराठीत बोललो, त्यांनी प्रत्यक्ष दाखवा म्हटलं. आई मात्र ‘मला काय वेड लागलंय का?’ म्हणून अडून बसलीये. (देवाचं करा हा सल्ला नको, गोंदवल्याला जाऊन आलोय.)

पुण्याचा प्रवास तिला झेपत नाही, दर आठवड्याची खासगी फी मला. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीचा कुणाला अनुभव आहे का? तिथे गोळ्यांशिवाय बोलायलाही वेळ देतात का? आणि तुमच्या घरचं माणूस असंच अडलं असेल, तर पहिल्या वेळी काय सांगून नेलंत?