कार्यालयातील संगणकाचे नेटवर्क कोणाकडे सोपवावे?

सचिव : नमस्कार. सोसायटीच्या कार्यालयातील लिनक्स प्रणालीवरचा संगणक सुरू होताना दोन-दोन मिनिटे अडकून राहतो आणि अधूनमधून त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील ओळखीचा क्रमांक) बदलल्यामुळे सामायिक फोल्डर कोणालाच सापडत नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

ब-२०३ : सचिवसाहेब, मी काल तो संगणक तपासला. त्यावर नेटवर्कमॅनेजर आणि सिस्टिमडी-नेटवर्कडी (थोडक्यात नेटवर्कडी) हे नेटवर्कची जोडणी सांभाळणारे दोन्ही प्रोग्रॅम चालू असून एकाच केबलवर हक्क सांगत आहेत. दोघे राउटरकडे वेगवेगळ्या ओळखीने पत्ता मागतात, त्यामुळे राउटर त्यांना दोन निराळे संगणक समजतो. शिवाय नेटवर्कडीच्या फाइलमध्ये कोणीतरी वाय-फाय कार्डही नोंदवले आहे. ते कधीच जोडले जात नसल्याने सुरू होताना जोडणी होईपर्यंत थांबणारी 'वेट-ऑनलाइन' ही सेवा त्याची १२० सेकंद वाट पाहते आणि मगच नाद सोडते.

अ-५०१ : मी वर्षानुवर्षे डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर जोडणीच्या 'इंटरफेसेस' फाइलमध्ये चार ओळी लिहून निर्धास्त आहे. तीच पद्धत येथे का नको?

ब-२०३ : काका, तुमची पद्धत आजही उत्तम चालते, परंतु ती फाइल तुमच्यावाचून दुसरे कोण उघडणार, हा प्रश्न उरतोच. एका जागी बसलेल्या, केबलवरच्या संगणकाला खरे तर नेटवर्कडी पुरेसा आहे. माझ्या घरच्या पडदा नसलेल्या सर्व्हरवर मी तोच वापरतो. तरीही येथे नेटवर्कमॅनेजर ठेवावा असे माझे मत आहे, कारण समिती बदलत राहते आणि नव्या खजिनदारांना जोडणी तुटल्याचे कोपऱ्यातील चिन्हावरून कळले पाहिजे. पुढे केबल बिघडल्यास वाय-फाय जोडणेही त्यांना तिथूनच जमेल, तर नेटवर्कडीला वाय-फायच्या पासवर्डसाठी आणखी एका प्रोग्रॅमची मदत लागते.

क-१०२ : हा लिनक्सचा उबुंटू हा प्रकार आहे ना? मग नेटप्लॅनचे काय?

ब-२०३ : ताई, नेटप्लॅन स्वतः जोडणी सांभाळत नाही, तो आपली फाइल वाचून या दोघांपैकी एकाकडे काम सोपवतो. त्यात काम कोणाकडे द्यायचे ते सांगणाऱ्या 'रेंडरर' या शब्दापुढे नेटवर्कमॅनेजर लिहावे लागेल, आणि ओळींच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागा चुकल्या तर फाइल नाकारली जाते, एवढेच सांभाळायचे. पत्ता मी कायमचा बांधून देईन.

सचिव : हे काम आपण घरूनच करू शकाल का?

ब-२०३ : नको, मी रविवारी कार्यालयातच येतो. नेटवर्कडी बंद करताच ज्या जोडणीवरून मी आत शिरलेलो असेन, तीच तुटायची.