मदत हवी आहे: ‘द डर्ट’मध्ये कुणाचं खरं मानायचं?

नाशिककर रॉकवाल्यांनो, मॉटली क्रू या अमेरिकन रॉक बँडचं आत्मचरित्र ‘द डर्ट’ (2001) वाचायला घेतलंय. बँडमधले चौघं आळीपाळीने बोलतात आणि एकच प्रसंग दुसऱ्याच्या तोंडी भलताच होतो. म्हणून समासात पेन्सिलीने सांगणाऱ्याचं आद्याक्षर नि साल टाकतोय. पेन नको, शाई मागच्या पानावर उमटते. गायक विन्स नीलचा डिसेंबर 1984 चा कार अपघात, ज्यात हानोय रॉक्स बँडचा ड्रमर रॅझल गेला, किंवा बासवादक निकी सिक्सचा डिसेंबर 1987 चा ओव्हरडोस, हे बाहेर पडताळता येतं. पण हॉटेलातल्या धिंगाण्याचं काय? निकीच्या डायरीच्या पुस्तकावरून, ‘द हेरॉइन डायरीज’ (2007) वरून, ताडायचं, तर साक्षीदार पुन्हा तोच! तरी ती डायरी सार्वजनिक वाचनालयात किंवा कॉलेज रोडकडे कुणाकडे मिळेल का? ‘द डर्ट’वरचा 2019 चा सिनेमा कृपया सुचवू नका, त्यात काळ फारच दाबून बसवलाय.