"सर्व्हरचं नाव टाका, पासवर्ड टाका, झालं" हे कोण शिकवतं लोकांना?

रात्रपाळीची_डीबीए
परवाची ती पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. क्लाउडवरचा डेटाबेस पॉवर बीआयला (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट-डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर) जोडणं पाच मिनिटांचं काम आहे, सर्व्हरचं नाव टाका, युजर-पासवर्ड टाका, डायरेक्टक्वेरी (रिपोर्ट दर वेळी थेट डेटाबेसला विचारतो तो मोड) निवडा, लाइव्ह डॅशबोर्ड तयार, आणि डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे लोक, स्वतःचं महत्त्व टिकवायला उगाच बाऊ करतात. दोन दिवस गप्प बसले, आता लिहितेच.

जोडलं जातं पाच मिनिटांत, मी कधी नाही म्हटलं? पण नंतर फोन कोणाला येतो? आमच्याकडे क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये पोस्टग्रेस डेटाबेस आहे आणि त्याच्यावरच ऑर्डरी घेतल्या जातात. सेल्सच्या एकाने थेट त्याच्यावर डायरेक्टक्वेरीचा रिपोर्ट लावला, एका पानावर १४ व्हिज्युअल (आलेख, तक्ते). यात प्रत्येक व्हिज्युअल स्वतःची निदान एक क्वेरी (डेटाबेसला प्रश्न) पाठवतं, आणि स्लायसर (पानावरचं फिल्टर) हलवला की परत सगळी. सोमवारी दहाच्या मीटिंगला २० जणांनी ते पान उघडलं, म्हणजे २८० क्वेरी, त्यातल्या कितीतरी तीन वर्षांच्या ऑर्डरी चाळणाऱ्या. तिकडे गोडाऊनला बिल निघेना, ट्रक भरून उभे. मला मुलीच्या शाळेतून निघून लॅपटॉप उघडावा लागला, तिचं स्नेहसंमेलन होतं त्या दिवशी.

आणि फायरवॉलचं (बाहेरची कनेक्शन अडवणारी भिंत) तर बोलायलाच नको. कनेक्ट होत नाही ना, मग करा सगळ्यांना उघडी. अझूर एसक्यूएलमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरचा डेटाबेस) "अझूर सर्व्हिसेसना परवानगी द्या" असा पर्याय असतो, लोकांना वाटतं त्यातून फक्त आपल्याच कंपनीचं अझूर आत येतं. तसं नाहीये, कोणाच्याही अझूर खात्यातून आलेलं कनेक्शन फायरवॉल ओलांडतं, मग मध्ये उरतो तो पासवर्ड. आणि तो पासवर्ड अॅडमिनचाच दिलेला असतो, कारण वेगळा युजर करायचा कंटाळा.

आकडेमोड
ताई, ती पोस्ट माझी नाही पण मला ती शंभर टक्के पटली. तुमचा सेल्सवाला थेट प्रॉडक्शनवर (रोजच्या कामाच्या चालू डेटाबेसवर) का गेला हे विचारलंत का त्याला? मी सांगतो. मी फक्त वाचायचा युजर मागितला, सहा आठवडे लागले. तिकीट (आयटीकडची मागणी) तीनदा बंद, प्रत्येक वेळी "बिझनेस जस्टिफिकेशन अपुरं". तोपर्यंत काय चाललं होतं? ऑपरेशन्समधला एक मुलगा रोज सकाळी सीएसव्ही फाइल (साधा तक्ता) काढून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, त्यात सगळ्या ग्राहकांचे मोबाइल नंबर. ग्रुपमध्ये नोकरी सोडून गेलेले दोघं होते. ही कुठली सुरक्षा? दार एवढं घट्ट लावायचं की लोक खिडकीतून ये-जा करतात आणि मग म्हणायचं बघा आमचं दार किती मजबूत.

गेटवेग्रस्त
गेटवेबद्दल कोणीच का बोलत नाही? डेटाबेस प्रायव्हेट नेटवर्कमध्ये असला तर पॉवर बीआयच्या सर्व्हिसला (त्याच्या क्लाउडवरच्या भागाला) तो दिसतच नाही, बहुतेकदा त्याच नेटवर्कमध्ये विंडोज मशीन उभं करून त्यावर गेटवे (दोघांमधला दुवा) टाकावा लागतो. नावच "ऑन-प्रिमायसेस डेटा गेटवे", त्यामुळे आमच्या साहेबांचं तीन महिने एकच, आपण क्लाउडवर आहोत, आपल्याला हे कशाला. शेवटी माझ्या लॅपटॉपवर टाकला, तिथून व्हीपीएनने डेटाबेस. मी गणपतीला गावी गेलो, लॅपटॉप बंद, रिफ्रेश (नवा डेटा ओढणं) पडला. लागोपाठ चार वेळा पडला की शेड्यूल आपोआप बंद होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. परत येईपर्यंत सगळे पाच दिवस जुने आकडे बघत होते आणि कोणालाही कळलं नाही.

रात्रपाळीची_डीबीए
@आकडेमोड सीएसव्हीचं वाचून वाईट वाटलं, तो खरंच गुन्हा आहे. पण सहा आठवडे लागले हा तुमच्याकडच्या प्रोसेसचा दोष, म्हणून थेट प्रॉडक्शनवर १४ व्हिज्युअल लावायचा परवाना मिळत नाही. इम्पोर्ट मोड वापरा. डेटा एकदा उचलला जातो, मग लोकांनी पान हजार वेळा उघडलं तरी डेटाबेसला पत्ता नाही.

आकडेमोड
पॉवर बीआयच्या प्रो लायसन्सवर दिवसाला आठच रिफ्रेश मिळतात, मॉडेल १ जीबीच्या आत हवं. ४८ रिफ्रेश हवे तर प्रीमियम, आणि एप्रिल २०२५ मध्ये प्रो माणशी महिन्याला १० चं १४ डॉलर झालं, पर-युजर प्रीमियम २० चं २४. आमच्याकडे ६० जण बघणारे आहेत, गुणाकार करा. साहेबांना अकराचा आकडा सव्वाअकराला हवा असतो.

सांगलीकर
मी एका दूध संघात आहे. तुम्ही लाइव्ह-लाइव्ह करताय, आमचा आकडा रोज ताजा यायचा आणि रोज चुकीचा यायचा, त्याचं काय?

संकलन पहाटे पाचला सुरू. अॅप वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) लिहितं. म्हणजे साडेपाचच्या आत जे दूध आलं ते रिपोर्टमध्ये आदल्या दिवशी गेलं. एका केंद्रावर बहुतेक गवळी लवकर येतात, त्याचं सकाळचं संकलन कायम कमी दिसायचं. चेअरमननी केंद्रचालकाला चारचौघांत झापलं, माणूस रडायचा बाकी होता, आणि त्याची काडीची चूक नव्हती. चूक माझी होती. पॉवर बीआय डेस्कटॉपवर बघताना माझी तारीख बरोबर यायची, कारण मशीन भारतीय वेळेवर, पण सर्व्हिसवर टुडे फंक्शन (आजची तारीख देणारं) यूटीसीच धरतं. आता डेटाबेसमध्येच व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) केलाय, तारीख तिथेच भारतीय वेळेत काढतो.

आणि दुसरं दुखणं गावांच्या नावांचं. कऱ्हाड तालुका स्लायसरमध्ये दोनदा येतो. दोन्ही सेम दिसतात, एकात १,२०० लिटर, दुसऱ्यात ३००. डोळे फुटायची वेळ आली.

जुना_खिळा
@सांगलीकर दिसतात सेम, आत वेगळे असतात. एकात ऱ हे अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जॉइनर (अक्षर जोडणारं चिन्ह). पोस्टग्रेसला ते दोन वेगळे शब्दच वाटणार. आणि तुम्ही नशीबवान, तुमची अक्षरं तरी शाबूत आहेत. मी एका ठिकाणी एसक्यूएल सर्व्हरवर बघितलंय, कॉलमचा प्रकार व्हारचार ठेवलेला, सगळी मराठी नावं "?????" झालेली, ४० हजार सभासद. मूळ अक्षरं गेली ती गेलीच, अर्जाचे कागद काढून परत टाइप करावी लागली. एनव्हारचार (युनिकोडवाला प्रकार) ठेवायला काय जात होतं?

तंत्रज्ञ_पुणे
पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारं) आहे, ते लावा की, एका ओळीचं काम.

जुना_खिळा
नाही होत. र आणि खाली नुक्ता (टिंब) असं लिहिलं असेल तर ते ऱ शी जुळेल, जॉइनरवालं रूप वेगळंच राहणार. ते रिप्लेसनेच बदलावं लागतं. करून बघा आणि मग "एका ओळीचं" म्हणा.

कृष्णाकाठ
पण कऱ्हाड कशाला लिहिताय मुळात? कराड लिहा. माझं आजोळ तिथलं, आम्ही जन्मभर कराडच म्हणत आलो.

सांगलीकर
अहो दादा, तिसरं नाव तेच आहे यादीत! काही ऑपरेटर कराड टाकतात. म्हणजे एका तालुक्याचे तीन तालुके.

कृष्णाकाठ
मग बरोबर टाकणाऱ्यालाच धरून बाकीचे सुधारा.

पाटी_पुस्तक
"बरोबर" तुम्ही कोण ठरवणार? जुनी माणसं कऱ्हाडच लिहितात. बोलताना ह गळतो म्हणून लिहिण्यातूनही उडवायचा का? उद्या कुऱ्हाडीचंही कुराड कराल. मराठीत ऱ्ह आहे, तो सॉफ्टवेअरला झेपत नाही म्हणून टाकून द्यायचा याला माझा सक्त विरोध आहे.

कृष्णाकाठ
भाषेचा ठेका तुम्हालाच दिलाय का? गावाचं नाव गावातले लोक ठरवतात, ऑफिसात बसून नाही.

जुना_खिळा
दोघंही थांबा जरा. नावावर टेबलांची जोडणीच (जॉइन) करायची नसते. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांनी नावावर जॉइन लावले त्यांचे बदलाआधीचे आकडे एका जिल्ह्यात आणि नंतरचे दुसऱ्यात. केंद्र सरकारच्या एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) यादीत गाव, तालुका, जिल्हा सगळ्यांना कोड आहेत, कोडवर जोडा. दाखवायला मग कराड ठेवा नाहीतर कऱ्हाड.

पाटी_पुस्तक
कोडचं मान्य. ऱ्ह चं नाही.

रात्रपाळीची_डीबीए
धागा कुठच्या कुठे गेला. पण सांगलीकरांचं आणि माझं दुखणं एकच आहे, जोडण्याआधी आत काय आहे ते कोणी बघत नाही.

@आकडेमोड ६० जणांचा हिशोब मी केला, तुमची अडचण खरी आहे. सव्वाअकराला आकडा हवाच असेल तर रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायची, मागोमाग ताजी होणारी प्रत) घ्या आणि डायरेक्टक्वेरी त्याच्यावर लावा. प्रॉडक्शनला धक्का नाही. त्या युजरला वाचण्यापुरतेच अधिकार आणि स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीला वेळेची मर्यादा) लावून ठेवायचा.

जुना_खिळा
रेप्लिकावर मोठी क्वेरी मध्येच मारली जाते हेही सांगा की. "कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी" म्हणून एरर येतो. मूळ डेटाबेसवर व्हॅक्यूमने (पोस्टग्रेसची साफसफाई) जुन्या ओळी काढल्या आणि रेप्लिकावर कोणी त्याच वाचत असलं तर पोस्टग्रेस सेटिंग बदललं नसेल तर ३० सेकंद थांबतं, मग क्वेरी कापतं. फीडबॅक (या ओळी अजून वाचतोय असं रेप्लिकाने मूळ डेटाबेसला कळवणं) चालू केला तर क्वेरी वाचते, पण मूळ डेटाबेसमध्ये कचरा साठतो.

रात्रपाळीची_डीबीए
ते खरंय, मी लिहायला हवं होतं. म्हणूनच जुना इतिहास इम्पोर्टमध्ये, इन्क्रिमेंटल रिफ्रेशने (फक्त नवा भाग ओढणं), तो प्रोवरही चालतो. आणि आजच्या दिवसापुरतंच रेप्लिकाकडे बघणारं छोटं वेगळं पान. १४ व्हिज्युअल नाहीत, तीन.

आकडेमोड
बरं. तीन व्हिज्युअलवर साहेब तयार होतील असं वाटत नाही, पण विचारतो. इतिहास इम्पोर्टमध्ये टाकायला माझी हरकत नव्हतीच, मला तो युजरच मिळत नव्हता. एवढं तुमच्यासारख्यांनी आमच्या डीबीएंना पण सांगा, कारण मी सांगितलं की ते ऐकत नाहीत. रेप्लिकाचं तिकीट आज टाकलंय.

रात्रपाळीची_डीबीए
तिकिटात कोणती टेबलं, किती मिनिटं जुना डेटा चालेल, आणि कोण बघणार हे तिन्ही लिहा. आमच्याकडे हे लिहिलेलं तिकीट मी दोन दिवसांत सोडते. न लिहिलेलं मीसुद्धा परत पाठवते, आणि हो, कधीकधी का परत पाठवलं ते सांगायचं राहतं, ते चूक आहे.

गेटवेग्रस्त
आणि गेटवे लॅपटॉपवर टाकू नका.

सांगलीकर
कोड लावायला घेतले. रिप्लेस केल्यावर कऱ्हाड एक झाला, १,५०० लिटर बरोबर जुळले. अजून ११ गावं कुठेच बसत नाहीयेत, आज संध्याकाळी केंद्रचालकांना फोन करून एकेक विचारतो. ज्याला झापलं होतं त्याच्यापासूनच सुरुवात करणार आहे.