कामशेतहून पॅरामोटरकडे येणाऱ्यांनी पहिली स्वतःची विंग रिफ्लेक्स घ्यावी का? माझं मत, नाही

पठारी_पायलट
बऱ्याच जणांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो. पुण्याजवळच्या कामशेतला पॅराग्लायडिंग शिकून झालं, मग पाठीवर मोटर लावून उडायला म्हणजे पॅरामोटर शिकलं, आता स्कूलची विंग (डोक्यावरचा कापडी पंख) सोडून स्वतःची घ्यायची तर कुठली? सगळीकडून उत्तर एकच येतं, रिफ्लेक्स घे, रिफ्लेक्स कोलॅप्स होत नाही, म्हणजे हवेत दुमडत नाही. मला हे उत्तर पटत नाही, आणि नवीन माणसाला ते इतक्या सहज देणं धोक्याचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिफ्लेक्स विंगेची मागची कड जराशी वर वळलेली असते, ट्रिमर (मागच्या दोऱ्यांची लांबी बदलणारे पट्टे) सोडले की ती अजून वर जाते, भार सरकून पुढच्या ए आणि बी लाईनींवर, म्हणजे दोऱ्यांच्या पुढच्या रांगांवर येतो, त्यामुळे विंगेचं नाक सहजासहजी दुमडत नाही आणि वेगही वाढतो. ब्रिटनच्या माईक कॅम्पबेल-जोन्सनी हा प्रकार पॅरामोटरमध्ये रुजवला, पॅरामेनिया कंपनी त्यांचीच, आणि आता डुडेक, ओझोन अशा सगळ्या कंपन्यांकडे रिफ्लेक्स आहेत. कल्पना उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण त्याला एक अट आहे आणि ती कुणी सांगत नाही. ट्रिमर उघडे असताना ब्रेक ओढायचा नाही. ब्रेक ओढला की वर वळलेली कड खाली येते, भार मागे सरकतो, नाक हलकं पडतं, म्हणजे ज्यासाठी रिफ्लेक्स घेतली तेच आपण आपल्या हाताने मोडतो. आता कामशेतला टॉवर हिलवर जो शिकला त्याच्या हाताला काय सवय असते? विंग जरा हलली की ब्रेकवर प्रेशर घ्यायचं, तिला डोक्यावर धरून ठेवायचं. ही सवय तिथे जीव वाचवते, मुद्दाम घोटून घेतलेली असते. तोच माणूस ट्रिमर पूर्ण सोडून ५० च्या स्पीडने चाललाय आणि थर्मलचा (वर चढणाऱ्या गरम हवेचा) धक्का बसला तर हात आपोआप खालीच येणार ना.

दुसरं म्हणजे टेकऑफ. आपल्याकडे उडायचा चांगला वेळ म्हणजे पहाट, आणि हिवाळ्यातल्या पहाटे वारा शून्य. पाठीवर तीसेक किलो घेऊन फॉरवर्ड लाँच (विंग मागे ठेवून पुढे पळत टेकऑफ) करायचं तर साधी विंग पटकन डोक्यावर येते, जुनी जड रिफ्लेक्स मागेच रेंगाळते आणि माणूस पळत सुटतो.

तेव्हा पहिले दोन सीझन साधी, शांत, ब्रेकवर चालणारी विंग घ्या. रिफ्लेक्स कुठे पळून जात नाहीये.

घाटमाथा
दादा तुमचा अनुभव मान्य, पण निष्कर्षाला माझा ठाम विरोध. तुम्ही कोलॅप्सवर बोलताय, मी स्टॉलवर बोलतो, कारण पॅरामोटरवाल्याला जमिनीजवळ जास्त मारतो तो स्टॉल (विंगेने हवेतली पकड सोडणं) आणि स्पिन (एकच बाजू स्टॉल होऊन गरगर फिरणं).

कसं ते बघा. नवीन पायलट, साधी विंग, ट्रिमर पूर्ण बंद म्हणजे सगळ्यात स्लो. टेकऑफला फुल थ्रॉटल, मोटर त्याला पुढे ढकलते, तो विंगेच्या पुढे झुलतो, अँगल ऑफ अटॅक (विंगेचा समोरच्या हवेशी कोन) आधीच वाढलेला. त्यात प्रॉपेलरच्या टॉर्कने तो एका बाजूला वळायला लागतो, म्हणून घाबरून उलट्या बाजूचा ब्रेक ओढून धरतो. झालं, त्या बाजूची विंग स्टॉलला टेकली, आणि उंची आहे पंधरा-वीस मीटर. रिझर्व्ह पॅराशूट उघडायलाही जागा नाही. हीच चढाई ट्रिमर थोडे सोडून केली असती तर हवेचा वेग जास्त, स्टॉलपासूनचं अंतर जास्त. आणि रिफ्लेक्सवाल्यांना ट्रिमर थोडे सोडून उडायला पहिल्या दिवसापासून शिकवतात.

दुसरं, वेग ही चैन नाहीये. पवनेच्या बाजूला सकाळी निघालात, नऊ-साडेनऊला वारा वाढला, साध्या विंगेचा स्पीड ३८, समोरून वारा ३०, मग गाड्या लावल्यात तिथे परत कधी पोचणार तुम्ही? पेट्रोल तासाला तीन-चार लिटर जातंय, खाली घाट आणि झाडी. रिफ्लेक्सवर ट्रिमर सोडले की ५०-५२ मिळतात, तुम्ही घरी पोचता.

आणि ब्रेकच्या सवयीचं म्हणाल तर तो विंगेचा दोष नाही, ट्रेनिंगचा आहे. विंगटिपचे वेगळे टॉगल असतात, त्यांनी फक्त टोकं वळतात, मधला भाग तसाच राहतो. शिका ना ते.

पठारी_पायलट
घाटमाथा, टॉर्क आणि स्टॉलचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, पण तो रिफ्लेक्सचा मुद्दाच नाहीये! साध्या पॅरामोटर विंगेलाही ट्रिमर असतात, तेही थोडे सोडून टेकऑफ करता येतं, मॅन्युअलमध्ये न्यूट्रल पोझिशन दिलेली असते. ब्रेक ओढून टॉर्कशी भांडू नका हे दोन्हीकडे सारखंच लागू.

आणि वारा ३० होईपर्यंत नवीन माणूस वर का आहे? हा प्रश्न आधी. वेगवान विंग हातात असली की माणूस अर्धा तास जास्त थांबतो वर, हे मी बघतोय आजूबाजूला.

अजून एक गोष्ट राहिली, सर्टिफिकेटची. लोक दुकानाच्या पानावर ईएन बी (युरोपियन चाचणीतली सुरक्षिततेची श्रेणी) वाचतात आणि निर्धास्त होतात. बऱ्याच रिफ्लेक्स विंगांचं ते सर्टिफिकेट ट्रिमर बंद असतानाचं असतं. ईएन ९२६-२ ची टेस्ट मोटरशिवाय, पॅराग्लायडिंगच्या हार्नेसमध्ये होते. शिवाय कंपनी वजनाच्या दोन रेंज देते, एक सर्टिफाईड आणि एक मोटरची, मोटरची बरीच वरपर्यंत जाते. म्हणजे तुम्ही मोटर लावून, वरच्या वजनाला, ट्रिमर उघडून जे उडताय ते त्या बी मध्ये कुणी तपासलेलंच नाही. आणि रिफ्लेक्स उघड्या ट्रिमरवर कधीतरी कोलॅप्स झालीच तर वेग जास्त असल्यामुळे ती फार जोरात वळते आणि पुढे झेपावते, सावरायला पायलट तयार लागतो.

गोदाकाठ
मी नाशिकची, वजनाने हलकी, म्हणून माझा मुद्दा वेगळा आहे आणि तुम्ही दोघंही तो सोडून भांडताय. साईज!

माझं वजन ५४, मोटर पेट्रोलसकट ३०, हार्नेस हेल्मेट विंग धरून अजून ७. झाले ९१ किलो. मला सगळ्यांनी प्रेमाने २६ मीटरची विंग घ्यायला सांगितली, "मोठी म्हणजे सेफ". २६ वर माझं लोडिंग (विंगेच्या क्षेत्रफळावर पडणारं वजन) ३.५ किलो प्रति चौरस मीटर येतं, २२ वर ४.१. ३.५ वर विंग ब्रेकला उशिरा उत्तर देते, हवेचा वेग कमी, थर्मलमध्ये वर खेचली जाते आणि लँडिंगला जमिनीला टेकायचं नावच घेत नाही. कमी लोडिंगची विंग आतून कमी ताणलेली असते, कोलॅप्सला जास्त तयार असते. वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे २६ वरून २२ ला आलं की साधारण ८-९ टक्के वेग फुकट मिळतो, रिफ्लेक्स वगैरे काही न करता.

तेव्हा पठारी दादा, "साधी घ्या" एवढंच सांगून भागत नाही. साधी पण चुकीच्या साईजची असेल तर ती अजिबात शांत नसते.

वाळवंटी_वारा
शारजाहून लिहितोय, मूळ सांगलीचा. इथे समुद्रसपाटी, सपाट वाळू, जिथे पाहिजे तिथे उतरता येतं, म्हणून माझं मत इथल्या हवेत तयार झालंय हे आधीच सांगतो. पण हँडलिंग कुणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो.

साध्या विंगेवर हवा ब्रेकमधून हाताला कळते, कुठल्या बाजूला लिफ्ट आहे, कुठली बाजू हलकी झाली, सगळं. वळण गोल, मऊ, वजन टाकलं की विंग सोबत येते. रिफ्लेक्सवर ट्रिमर सोडले की ब्रेक जड होतो, त्यातून काहीच कळत नाही, विंग कडक होते, धक्के थेट हार्नेसमध्ये येतात, खडबडीत रस्त्यावर रिकामी ट्रॉली आपटत जावी तशी. नवीन माणूस यालाच टर्ब्युलन्स समजून घाबरतो, खरं तर विंग तेव्हा व्यवस्थित उडत असते. हे शिकवावं लागतं.

आणि तरीही मी रिफ्लेक्सच्या बाजूने आहे. दुपारनंतर वाळवंटात थर्मल उठतात तेव्हा साध्या विंगेवर मला सतत काम करावं लागतं, हात दुखतात, लक्ष तिथेच अडकतं. रिफ्लेक्सवर ट्रिमर सोडायचे, हात वर, टिप टॉगलने हलकं स्टिअरिंग, आणि नजर बाहेर. लक्ष मोकळं राहणं हीसुद्धा सुरक्षितताच आहे ना पठारी दादा?

पठारी_पायलट
हे मान्य करतो, अगदी मनापासून, विशेषतः ट्रॉलीचं. पण तुमच्याकडे हवेची घनता वेगळी राव. पुणं साधारण ५६० मीटरवर. एप्रिलमध्ये ३५ डिग्रीला इथली हवा समुद्रसपाटीच्या स्टँडर्ड हवेपेक्षा १२ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. म्हणजे टेकऑफला ६-७ टक्के जास्त वेगाने पळायचं, आणि टू-स्ट्रोक मोटरची ताकदही दहा-बारा टक्क्यांनी कमी. यात छोटी रिफ्लेक्स म्हणजे नवीन माणसाचे गुडघे गेले.

घाटमाथा
३५ डिग्रीला नवीन माणूस टेकऑफ का करतोय? आत्ता वरच तुम्ही मला हेच विचारलंत. डिसेंबरच्या पहाटे १२ डिग्रीला हा फरक ५ टक्क्यांवर येतो. सोयीचं तापमान घेऊन आकडा मांडू नका दादा.

पठारी_पायलट
एप्रिलमध्ये संध्याकाळी सहाला पण ३३-३४ असतात हो, आणि संध्याकाळी उडतातच सगळे. पण हिवाळ्याच्या पहाटेपुरतं तुमचं बरोबर.

लाईनदोरी
मी विंगा तपासतो, पोरॉसिटी (कापडातून किती हवा गळते) आणि लाईनींची मापं, म्हणून या वादात एक गोष्ट घालतो जी दोन्ही बाजू विसरल्या. आपल्याकडे नवीन माणूस नवी विंग घेतो का? बहुतेक जण सेकंडहँड घेतात, बाहेरून आलेली, पाच-सहा वर्षं वापरलेली.

डायनीमाच्या लाईनीवर ताण नसेल तर ती हळूहळू आखडते. रिफ्लेक्सवर जो माणूस कायम ट्रिमर सोडून उडलाय त्याच्या ए आणि बी लाईनींवर सगळा भार आणि मागच्या सी, डी जवळपास रिकाम्या. मग मागच्या आखडतात, पुढच्या ताणल्या जातात. काही वर्षांनी ट्रिमर बंद केले की ती विंग डिझाईनपेक्षा बरीच स्लो ट्रिमला असते, म्हणजे मागची कड कायम थोडी ओढलेली. वर डेक्कनच्या उन्हाने कापड विरळ झालेलं. अशी विंग टेकऑफला मागे लटकते, वर येतच नाही, आणि वर गेल्यावर पॅराशूटल स्टॉलला (विंग फुगलेली, पण पुढे न जाता नुसती खाली येणं) जवळ असते. मालक म्हणतो "रिफ्लेक्स आहेत, अशाच असतात". नाही, अशा नसतात. लाईनी मोजून, मागच्या ताणून किंवा लूप बदलून ट्रिम परत आणला की तीच विंग गुपचूप डोक्यावर येते. वर पहिल्या पोस्टमध्ये "जुनी जड रिफ्लेक्स रेंगाळते" असं लिहिलंय, त्यातल्या कितीतरी विंगा फक्त ट्रिमबाहेर गेलेल्या असतात, दोष प्रोफाईलवर जातो.

साध्या विंगेलाही हे होतं, पण भार सगळ्या लाईनींवर जास्त सारखा असल्याने फरक कमी पडतो.

घाटमाथा
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. हा वेगळा धागा व्हायला पाहिजे.

नवा_पक्षी
मी तोच नवीन माणूस ज्याच्यावर तुम्ही सगळे बोलताय. वजन ७८, मोटर मोस्टर १८५, सगळं मिळून ११८ किलो होतं. कामशेतला पी२ कोर्स झालाय, मोटर मागच्या सीझनला शिकलो. समोर दोन पर्याय आहेत, एक जुनी डुडेक न्यूक्लिऑन, रिफ्लेक्स, २४ मीटर स्वस्तात, दुसरी डुडेक युनिव्हर्सल २८ थोडी महाग. कुठली घेऊ?

पठारी_पायलट
युनिव्हर्सल, विचारच करू नकोस. ट्रिमर बंद असताना ती साध्या ग्लायडरसारखी ब्रेकवर उडते, मोटर न लावता कामशेतलाही उडता येईल, आणि ट्रिमर सोडले की रिफ्लेक्स होते. २८ वर तुझं लोडिंग ४.२, न्यूक्लिऑनवर ४.९. पहिल्या विंगेला ४.९ नको, लँडिंगला फार वेगात येशील.

घाटमाथा
बघा, म्हणजे रिफ्लेक्सच सुचवलीत शेवटी! पण भावा, २४ मलाही तुझ्यासाठी छोटी वाटते, ती सोडच. माझं म्हणणं एवढंच की युनिव्हर्सल घेतलीस तर ट्रिमर बंद ठेवून दोन वर्षं काढू नकोस. शांत हवेत, ३०० मीटरच्या वर, इन्स्ट्रक्टर रेडिओवर असताना पहिल्या महिन्यातच ट्रिमर सोडून हात वर ठेवायची सवय लाव. कडक विंग कशी लागते ते थर्मलमध्ये पहिल्यांदा कळण्यापेक्षा शांत हवेत कळू दे.

पठारी_पायलट
ट्रिमर बंद असताना सुचवतोय मी ती, साधी विंग म्हणून. पहिल्या महिन्यात ट्रिमर पूर्ण सोडायला माझा अजूनही विरोध आहे. अर्धे सोड, त्याहून जास्त नको, आणि प्रत्येक वेळी लँडिंगच्या आधी परत बंद केलेत का ते बघ.

गोदाकाठ
आणि नवा पक्षी, मोटर आणि पेट्रोल अंगावर घेऊन खरोखर वजनकाट्यावर उभा राहा. अंदाजाने सांगितलेलं वजन बहुतेक वेळा कमीच निघतं. १२४ भरलं तर २८ चं लोडिंग पण ४.४ च्या वर जातं आणि मग वरचे सगळे सल्ले बदलतात.

लाईनदोरी
विकणाऱ्याकडे शेवटचा लाईन चेक कधी झाला ते विचार, कागद माग. नसेल तर पैसे द्यायच्या आधी विंग मोजून घे, माझ्याकडे नाही आणलीस तरी चालेल, पण मोजून घे. मागच्या लाईनी दोन सेंटिमीटरने जरी आखडलेल्या असतील तरी तुला वाटेल तुलाच टेकऑफ येत नाही.

नवा_पक्षी
रविवारी काट्यावर जातो. विक्रेत्याला चेकचा कागद मागितलाय, अजून उत्तर आलेलं नाही.