सतराव्या शतकात वरचं सभागृह कायदे करायचं तरी कसं?

रंकाळा_काठ:
स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. रोज करवीर नगर वाचन मंदिरात बसतो. विधान परिषदेचा धडा वाचताना 'विधेयकाची तीन वाचनं' आली आणि तिथंच अडकलो. ही पद्धत इंग्लंडची, एवढं कळलं. पण 1600 ते 1700 च्या काळात हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहात, विधेयक आलं की नेमकं काय व्हायचं? खरंच तीनदा वाचायचे? आणि पैशाच्या विधेयकावर आपल्या विधान परिषदेला फक्त 14 दिवस का? कृपया 'पुस्तक वाच' म्हणू नका, तेच वाचून इथं आलोय.

प्रोसिडिंगवाले_काका:
बाळा, मी तीस वर्षं एका दूध संस्थेचा सचिव होतो. वार्षिक सभेत विषय क्रमांक 1 वाचायला तोंड उघडलं की मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर'. एका वर्षी माझा चष्मा पुसून होईपर्यंत सात विषय मंजूर झाले होते. प्रोसिडिंगला लिहिलं, 'सविस्तर चर्चा होऊन'. त्यामुळं तुझा प्रश्न माझ्या आवडीचा.

हो, खरंच वाचायचे. छापील प्रती वाटायची रीत नव्हती, विधेयक म्हणजे हातानं लिहिलेले कागद. सभागृहाला कळायचं तर ते कानानंच. पहिल्या वाचनाला लेखनिक उभा राहून मजकूर वाचणार, मग लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे सभागृहाचा अध्यक्ष, त्याचा गोषवारा सांगणार. दुसऱ्या वाचनाला पुन्हा तेच, आणि मग विधेयक समितीकडं. खरं काम तिथं चालायचं. कागदावर दोन ओळींत मुद्दाम रुंद जागा सोडलेली असायची, दुरुस्त्या मध्ये घुसवायला. समितीचं आटोपलं की सगळं चर्मपत्रावर स्वच्छ अक्षरात उतरवायचं आणि तिसरं वाचन.

आता गंमत बघ. कॉमन्समधून, म्हणजे खालच्या सभागृहातून, आलेलं विधेयक आधीच चर्मपत्रावर असायचं. आपल्या खरेदीखतासारखं, खाडाखोड चालत नाही. मग लॉर्ड्स वेगळ्या कागदावर लिहायचे, अमक्या ओळीत अमक्या शब्दानंतर हे शब्द घाला, आणि तो कागद विधेयकासोबत परत पाठवायचे. कॉमन्सला पटलं तर ठीक. नाही पटलं तर दोन्हीकडची माणसं पेंटेड चेंबर नावाच्या दालनात भेटायची. तिथं लॉर्ड्स डोक्यावर टोपी ठेवून बसलेले आणि कॉमन्सवाले बोडक्या डोक्यानं उभे! आपल्याकडं फेटा बांधून आलेल्या पाहुण्याला असं उभं ठेवलं असतं तर लग्न मोडलं असतं.

मत द्यायची सुरुवात सगळ्यात कनिष्ठ बॅरनपासून, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाच्या लॉर्डपासून. मोठ्यांचं ऐकून धाकट्यानं मान डोलवू नये, हा हेतू असावा. समसमान मतं पडली तर प्रस्ताव पडला, लॉर्ड चॅन्सेलरला निर्णायक मत नाही. गैरहजर लॉर्डचं मत दुसऱ्याच्या खिशात असायचं. बकिंगहॅमच्या ड्यूककडं अशी डझनभर मुखत्यारपत्रं साठली, तेव्हा 1626 मध्ये नियम झाला की एकाकडं दोनच.

शेवटी राजा. नको असेल तर तो 'नाही' म्हणायचा नाही. जुन्या फ्रेंचमध्ये उत्तर यायचं, 'राजा विचार करील'. आपल्याकडं 'बघूया की' म्हणतात तेच.

तुझे 14 दिवस. 1671 मध्ये लॉर्ड्सनी साखरेवरचा कर कमी करायची दुरुस्ती केली. कॉमन्स खवळलं आणि ठराव केला की आम्ही राजाला दिलेल्या कराचा दर लॉर्ड्सनी बदलू नये. दोघंही हटेनात, अधिवेशन संपलं, ते विधेयक तसंच मेलं. 1678 मध्ये त्याहून कडक ठराव. तरी विधेयक अख्खं फेटाळायचा हक्क लॉर्ड्सकडं उरला होता. 1911 च्या कायद्यानं तोही गेला, महिनाभराची मुदत राहिली. आपल्या घटनेच्या कलम 198 नं धन विधेयकावर परिषदेला 14 दिवस दिले. शिफारशी करा, ऐकायच्या की नाही ते विधानसभा ठरवणार. परीक्षेत कलम लिही, साखर मनात ठेव. ऊसवाल्या जिल्ह्यातला आहेस, विसरायचा नाहीस.

बिंदू_चौक:
काका, नाद खुळा! पण एवढं वाचूनबिचून शेवटी रबर स्टॅम्पच ना ते?

प्रोसिडिंगवाले_काका:
नाही रे. 1680 मध्ये राजाच्या भावाला, जेम्सला, गादीवरून दूर ठेवणारं विधेयक कॉमन्सनं पाठवलं. लॉर्ड्सनी 63 विरुद्ध 30 नं आपटलं. राजा चार्ल्स दुसरा स्वतः दालनात येऊन बसला होता. आणि नुसता शिक्का असता तर 1649 मध्ये कॉमन्सनं 'निरुपयोगी आणि धोकादायक' म्हणून ते सभागृह बंद कशाला केलं असतं? 1660 ला राजेशाही परत आली, तिच्याबरोबर तेही.

पन्हाळा_वारा:
1679 च्या हेबियस कॉर्पस कायद्याचा, म्हणजे बेकायदा कैदेविरुद्धच्या कायद्याचा, किस्सा राहिला. एका जाड लॉर्डला मतं मोजणाऱ्यानं थट्टेत दहा धरलं, समोरचा मोजणारा तंद्रीत होता, आणि कायदा झाला म्हणे. खरं का?

प्रोसिडिंगवाले_काका:
बर्नेट नावाच्या बिशपनं ही गोष्ट लिहून ठेवली, म्हणून ती टिकली. तो जाड माणूस खरोखर दहा मोजला गेला का, यावर मी पैज लावणार नाही. पण सभागृहाच्या नोंदीत त्या दिवशी मतं 57 विरुद्ध 55, म्हणजे 112. हजेरी 107. आणि मत थेट विधेयकावर नव्हतं, कॉमन्सबरोबर आणखी एक बैठक घ्यायची का, यावर होतं. बैठक झाली, विधेयक बचावलं.

हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या लेखनिकाची दया आली. हजेरी एक, बेरीज दुसरी, आणि दोन्ही त्यानं इमानदारीनं लिहिली.

रंकाळा_काठ:
काका, तुमच्या सभेत कधी असं झालं?

प्रोसिडिंगवाले_काका:
सह्या 212, हात 231. तेव्हापासून मी आकडा लिहायचं सोडलं. 'बहुमताने मंजूर', आणि खाली अध्यक्षांची सही.